आधी नाटक आलं, संस्था मागून आली

रंगपट:
गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात समलैंगिक हक्कांच्या चळवळीवर भित्तिफलकांचं प्रदर्शन पाहिलं. मुलांनी मनापासून मेहनत घेतली होती. पहिल्या फलकावर १९९४, समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टची स्थापना. मग समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्धची २००१ ची नाझ फाउंडेशनची याचिका, २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला ते, आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं हे संबंध गुन्हा नाहीत म्हटलं ते. सगळं संपल्यावर दाराजवळ एक लहानसा फलक होता, 'कला आणि संस्कृती'. त्यावर चार सिनेमांची नावं.

मला हे मान्य नाही. निदान महाराष्ट्रात तरी क्रम उलटा आहे.

'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं १९८१ साली. तेंडुलकरांचं नाटक, विनय आपट्यांचं दिग्दर्शन, नायिका मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. तेव्हा मुंबईत या विषयावर ना कार्यालय होतं, ना अंक, ना फोन करायला एखादा नंबर. अशोक राव कवींचं 'बॉम्बे दोस्त' हे समलैंगिकांचं नियतकालिक निघालं १९९० मध्ये. म्हणजे एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे हे मराठी प्रेक्षकांनी तिकीट काढून, समोर बसून ऐकलं, त्यानंतर नऊ वर्षांनी पहिला अंक आला.

मी सतरा वर्षांचा होतो. मामा घेऊन गेला होता, त्याला विषय माहीत नव्हता. मध्यंतरात तो चहा घ्यायलाही उठला नाही. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाला, "घरी सांगू नकोस काय पाहिलं ते." मी घरी सांगितलं नाही, पण मला पहिल्यांदा कळलं की जे मला वाटतं ते मोठ्याने बोलता येतं, आणि बोललं की लोक उठून जात नाहीत. नावाकडेही बघा. मुलीचं नाव सुमित्रा, सगळे तिला मित्रा म्हणतात. त्या हाकेत बाई की पुरुष हे अडकूनच राहतं. मला त्या वयात तेवढी जागा पुरली.

त्याच्याही आधी जायचं तर र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' आहे, १९२७ पासूनचं. लैंगिक प्रश्नांवर वाचकांना दिलेल्या उत्तरांसाठी त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. खटला हरले, दंड झाला. पण मराठीत या विषयावर प्रश्न विचारायची सवय लागली ती एका मासिकाच्या पानावर, कोर्टाच्या पायरीवर नव्हे.

म्हणून म्हणतो, दाराजवळचा तो फलक उचलून पहिला लावा.

वाकोला_लोकल:
असहमत. तुमच्या आठवणीचा मान राखून सांगतो.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आरोग्याच्या कामात उतरलो. संध्याकाळी स्टेशनं, बागा, मुताऱ्या, खिशात निरोधची पाकिटं. ज्यांना भेटायचो ते हमाल, शिंपी, रिक्षावाले, हॉटेलातली पोरं. निम्म्यांची बायको गावी. त्यातल्या एकानंही तेंडुलकरांचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांना हवं होतं ते हे, की हवालदारानं पकडलं तर पाकीट आणि घड्याळ काढून घेऊ नये, आणि गुप्तरोगाच्या डॉक्टरनं बाहेर हाकलू नये.

हमसफरला सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. ती काही कुणी नाटक बघून दिली नाही. एड्सची भीती होती म्हणून मिळाली. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. कोर्टातही तेच झालं. नाझची याचिका उभी राहिली ती याच मुद्द्यावर, की ३७७ कलमामुळे आम्ही लोकांपर्यंत औषध पोचवू शकत नाही. २००१ मध्ये लखनौत आमच्यासारखं काम करणाऱ्यांना अटक झाली, ती निरोध वाटतात आणि माहितीपत्रकं ठेवतात म्हणून.

नाटक ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे होते आणि घरात स्वतःची खोली होती. चळवळ त्यांच्यामुळे झाली असं म्हणणं माझ्या लोकांवर अन्याय आहे.

अस्मिता_ठाणे:
मला दोघांशीही भांडायचंय.

रंगपट, तुम्हाला त्या नाटकात जागा मिळाली, आनंद आहे. पण मित्रा मरते हो. तिचा मित्र बापू ती गोष्ट सांगतो, आणि ती शेवटी जीव देते. मी ते नाटक १९९६ मध्ये पुस्तकात वाचलं, वसतिगृहात, पांघरुणात. वाचून झाल्यावर मला शब्द मिळाला नाही, मला तारीख मिळाली. आपल्यासारखीचं असंच होतं, प्रश्न फक्त कधीचा. नाटकाच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'उंबरठा' चित्रपट आला. त्याची पटकथाही तेंडुलकरांचीच. त्यात महिलाश्रमात दोन बायकांचे संबंध आहेत, आणि ते अधीक्षिकेपुढचा एक प्रश्न म्हणून येतात. तिने काय करावं, कमिटीने काय करावं. त्या दोघींना काय हवं ते कोणी विचारत नाही.

तेव्हा 'कला आधी आली' हे बरोबर असलं तरी कला आली ती आमच्या प्रेताची बातमी घेऊन आली.

आणि वाकोलावाले, तुमच्या निरोधच्या हिशेबात आम्ही कुठं होतो? एड्सच्या निधीत बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी एक रुपया नव्हता, कारण आमच्यापासून कुणाला रोग होईल असं कुणाला वाटत नव्हतं. १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' सुरू झालं ते बायकांनी बायकांच्या घरी जमून. आमच्याकडे होतं काय? शिबिरातली गाणी, हाताने लिहिलेली पत्रं, पुढे 'स्क्रिप्ट्स' नावाचं छोटं नियतकालिक. एकीनं कविता लिहायची, दुसरीनं चित्र काढायचं, तिसरीनं झेरॉक्स काढून आणायची. ती आमची संस्था. ती कलाच होती, फक्त तिला नाट्यगृह नव्हतं.

रंगपट:
अस्मिता, मृत्यूबद्दल तुमचं म्हणणं मला लागलं. खरं सांगतो, मी शेवट आठवणीतून काढून टाकला होता. सतराव्या वर्षी मी नाटकाचा पहिला अंकच घरी घेऊन गेलो असणार.

पण दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' सिनेमाचं काय? डिसेंबर १९९८ मध्ये गोरेगावला शिवसैनिकांनी चित्रपटगृह फोडलं, मग दिल्लीत. त्याच्या उत्तरात दिल्लीच्या रीगल थिएटरबाहेर बायका मेणबत्त्या आणि फलक घेऊन उभ्या राहिल्या, आणि आम्ही लेस्बियन आहोत, भारतीय आहोत असं रस्त्यावर म्हणाल्या. त्यातूनच पुढे लेस्बियन हक्कांसाठीची मोहीम उभी राहिली. त्या सिनेमाशिवाय ती संध्याकाळ झाली नसती.

अस्मिता_ठाणे:
ती संध्याकाळ सिनेमामुळे झाली नाही, सिनेमावरच्या हल्ल्यामुळे झाली. आणि उभ्या राहिलेल्या बायका अनेक वर्षं एकमेकींना ओळखत होत्या, म्हणून काही दिवसांतच जमल्या. त्या ओळखी कशा झाल्या ते वर लिहिलंय. सिनेमाला त्याचं श्रेय द्या, पण आमच्या झेरॉक्सवाल्या पोरींचं काढून देऊ नका.

कनातीमागे:
बराच वेळ नुसता वाचत होतो. सगळ्यांचं बोलणं ठाण्याच्या पुढं येत नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडं, वाळव्याच्या बाजूला, माझे चुलते तमाशाच्या फडात नाच्या होते. तीस वर्षं. कनातीमागं चेहरा रंगवायचे, बारीच्या सुरुवातीला टाळी वाजवत यायचे आणि माणसं हसायची. रंगपट म्हणतात, कलेनं लोकांना ऐकायला शिकवलं. आमच्या भागात कलेनं लोकांना हसायला शिकवलं. गणपत पाटलांसारखा मोठा नट, आयुष्यभर नाच्याच्या भूमिका केल्या, 'आत्ता गं बया' घराघरात गेलं. त्यांचा दोष नाही. पण शाळेत माझ्या चालण्यावरून मला रोज तीच हाक ऐकू यायची. मास्तरसुद्धा हसायचे. मी आठवीत शाळा सोडली, त्याचं मोठं कारण ती हाक आहे.

तेव्हा कला पहिल्या फलकावर लावणार असाल तर हेही लावा.

वकील_नाशिक:
कनातीमागे यांचा प्रतिसाद वाचून थांबलो होतो. फक्त एका तपशिलाची भर घालतो, कारण वर कोर्ट विरुद्ध कला अशी वाटणी झाली आहे आणि ती तितकी सरळ नाही. २०१८ च्या निकालाला ज्यांचं नाव आहे ते नवतेज सिंग जोहर भरतनाट्यमचे नर्तक आहेत. २०१६ मध्ये त्यांनी आणि इतर चौघांनी याचिका केली, तीत 'आम्ही रोगाचा प्रसार रोखतो' असा मुद्दा पुढे नव्हता. 'आम्ही आहोत आणि आम्हाला सन्मानानं जगायचं आहे' हा होता. २००१ ते २०१६ या पंधरा वर्षांत युक्तिवाद आरोग्यावरून माणसावर आला. त्या बदलाचं श्रेय फक्त वकिलांना देणं मला, वकील असून, पटत नाही. न्यायाधीशही वर्तमानपत्र वाचतात, सिनेमे बघतात.

तरी वाकोला_लोकल यांचा मुद्दा उरतोच. आरोग्याच्या वाटेनं आधी दार उघडलं नसतं तर पुढची याचिका कुठं ठोठावणार होती?

पालवी:
मी या विषयावर कधी लिहिलं नाही. माझ्या मुलानं धागा पाठवला.

त्यानं मला सांगितलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मी दोन महिने त्याच्याशी कामापुरतं बोलले. मग तो एका रविवारी मला एका छोट्या सभागृहात घेऊन गेला. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' होतं. एकच बाई, एक आई, मुलाबद्दल कळल्यावर तिचं काय होतं ते बोलते. मला वाटलं होतं कुणीतरी मला शिकवणार, तुम्ही चुकलात म्हणून. तसं काही नाही. ती आई माझ्यासारखीच घाबरते, रागावते, शेजारी काय म्हणतील याचा हिशेब करते.

नंतर चर्चा होती. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मी काहीच बोलले नाही. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माझ्या मुलाला मी घराबाहेर काढलं. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही." एवढं बोलून ते खाली बसले.

मी लगेच बदलले असं नाही. पण त्या दिवशी येताना मी मुलाला विचारलं, तुझ्या त्या मित्राला भात आवडतो की पोळी? डॉक्टरांनी मला समजावलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं आणि विसरले असते. वकिलांकडे तर मी गेलेच नसते.

रंगपट:
पालवीताई, तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. चेतन दातार २००८ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच महिन्यात, १६ तारखेला, मुंबईत 'क्विअर आझादी'चा पहिला मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला. मी त्यात चाललो होतो. गिरगाव चौपाटीपर्यंत मला सारखं वाटत होतं, की हा माणूस इथं असायला हवा होता.

अस्मिता, मित्रा मरते, पण माधवबागमधली आई जगते आणि मुलगाही जगतो. त्या दोन नाटकांमधलं अंतर म्हणजेच मला सांगायची असलेली चळवळ. आणि ते अंतर तुमच्या झेरॉक्सवाल्या मैत्रिणींशिवाय कापलं गेलं नसतं, हे मी आता पहिल्या फलकावर लिहीन.

वाकोला_लोकल:
मी माझं म्हणणं सोडत नाही, पण एक गोष्ट काल रात्री आठवली आणि ती लपवणं बरोबर नाही.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी पोरांना बसायला खोली उघडी असायची. पहिल्या महिन्यात चारपाच जण यायचे. तपासणीला तर कुणीच नाही. मग एका पोरानं, तो दिवसा कापडाच्या दुकानात काम करायचा, टेपरेकॉर्डर आणला आणि लावणी केली. ओढणीचा पदर करून. पुढच्या शुक्रवारी बारा जण. दोनएक महिन्यांत खोलीत उभं राहायला जागा नव्हती. लावणी झाली की डॉक्टर शेजारच्या खोलीत बसायचे आणि पोरं घाम पुसत रक्त द्यायला जायची. वरच्यांना पाठवायच्या अहवालात मी फक्त किती जणांची तपासणी झाली तो आकडा लिहायचो. लावणीचा उल्लेख कधीच केला नाही, कारण त्या अहवालात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

त्याला मी कला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

कनातीमागे:
वाकोलावाले, त्या पोरानं ती अदा कुठून घेतली असेल? माझ्या चुलत्यासारख्या कुणाकडूनच. माझं भांडण कलेशी नाहीच. हसणारे लोक पुढच्या खुर्चीवर होते आणि नाचणारा कनातीमागं एकटा जेवत होता, याच्याशी आहे. चुलते घरी आले की लुगडं नेसलेले नसायचे, पण हात तसेच चालायचे. भाकरी करताना, जनावरांना वैरण घालताना. माझ्या चालण्यावर घरात हसला नाही असा तो एकच माणूस. मला कुठलं नाटक बघायला मिळालं नाही, मला ते मिळाले.

रंगपट:
कनातीमागे, त्या महाविद्यालयातल्या मुलांशी मी बोललो. दिवाळीनंतर ते प्रदर्शन पुन्हा लावणार आहेत आणि क्रम बदलायला तयार आहेत. 'मित्राची गोष्ट'च्या शेजारी तुमच्या चुलत्यांवर एक फलक कराल का? मजकूर तुम्हीच लिहा.

कनातीमागे:
फलक नको. त्यांनी हयातीत कुणाला स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, मी आता भिंतीवर त्यांचं नाव लावणार नाही. त्यांचे चाळ माझ्याकडं आहेत, जुन्या चामड्यावर ओवलेले. ते ठेवायला एक टेबल द्या. मी स्वतः घेऊन येतो, आणि संध्याकाळी परत नेतो.