वरातीत नाचलेली घोडी ड्रेसेजला : पोटरी लावली की नाचायली, लगाम धरला की हनुवटी छातीला

तबेला_परभणी
मारवाडी घोडी, वय ६, उंची ५९ इंच, वजन अंदाजे ३५० किलो. माळेगावच्या बाजारातली, आधी दोन सीझन वरातीत नाचलेली. चार महिन्यांपासून २० × ४० मीटरच्या मैदानावर अगदी पहिल्या पातळीच्या ड्रेसेज टेस्टची (ठरलेल्या हालचाली परीक्षकापुढं नेमक्या करून दाखवायच्या) तयारी चालू आहे. काटेरी लगाम काढून टाकला, आता साधं एका सांध्याचं स्नॅफल (कडियाळं) आहे, ५.५ इंची.

पोटरीचा दाब दिला की पुढं जायचं सोडून जागेवर नाचायली. लगाम हातात घेतला की हनुवटी थेट छातीला, हाताला वजनच लागत नाही. दुडकी मागितली तर चार-पाच पावलं बरोबर टाकते आणि मग रवाल (एका बाजूचे पाय जोडीनं पडणारी मऊ चाल) धरते. डावा कँटर (तीन ठेक्यांची धाव, डावा पुढचा पाय पुढं) लगेच उचलते, उजवा दहातून दोनदा. थांबवली की पुठ्ठा (मागचा भाग) डावीकडं जातो.

शेजारचे जाणकार म्हणायलेत की नाच येतो म्हणजे पियाफ (जागेवरची ठेक्यातली दुडकी) अर्धा तयारच आहे, त्यावरच बांधा. खरंय का? आणि साइड रेन (कडियाळ्यापासून पोटपट्ट्याला बांधायच्या वाद्या) लावून लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) करावं का?
खुराक : हरभरा २ किलो, जव २ किलो, कडबा खाईल तेवढा. काम सकाळी ८ ते ९.

खोगीर_खरारा
आधी पियाफचं बोलू, कारण या एका गैरसमजापायी बऱ्याच चांगल्या घोड्या वाया जातात. पियाफमध्ये कर्णातले दोन पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट जोडी, असे एका ठेक्यात उचलले जातात. पुठ्ठा खाली बसतो, पाठ वर येते आणि कुठल्याही क्षणी पुढं जा म्हटलं तर घोडा पुढं जातो. वरातीच्या नाचात पाठ खाली दबलेली असते, पुढचे पाय हवेत फेकले जातात, मागचे नुसते खुरडतात, आणि पुढचा रस्ता लगामानं बंद केलेला असतो. पियाफ ग्रां प्रीच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीला येतो, तुमची टेस्ट त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली आहे. नाच वापरायचा नाही, विसरू द्यायचा.

घोडी हट्टी नाही. तिला शिकवलंय तेच ती करायली : पोटरी अधिक लगाम म्हणजे जागेवर उड्या. हे दोन इशारे एकमेकांपासून सोडवावे लागतील, आणि ते काम जमिनीवरून सुरू होतं.

तोंडात काही न घालता, नाकपट्ट्याला लांब दोरी लावून तिच्या डाव्या बाजूला उभे राहा. चाबूक मानेवरून, पाठीवरून, पायांवरून नुसता फिरवा, ती शांत उभी राहीपर्यंत. चाबूक दिसला की नाचायचं असं तिच्या डोक्यात बसलंय, ते आधी जायला हवं. मग तंगाच्या (पोटपट्ट्याच्या) मागं चार बोटांवर, जिथं पोटरी येते तिथं, बोटांनी हलका दाब द्या. एक पाऊल पुढं टाकलं की त्याच क्षणी हात काढा. इथं बहुतेकांची चूक होते : ती नाचायला लागली की घाबरून दाब काढतात. म्हणजे नाचाचं बक्षीस दिलं. दाब तेवढाच ठेवा, वाढवू नका, दोरी पुढं सैल सोडा, आणि खरंखुरं पुढचं पाऊल पडलं तरच हात काढा. एका बाजूनं दहा वेळा, दुसऱ्या बाजूनं दहा वेळा, पाच-सहा दिवस. नंतर स्वार वर, खाली एक जण दोरी धरून, आणि लगाम पूर्ण सैल. पोटरीला ती शांतपणे चालायला लागेपर्यंत लगामाला हात लावायचा नाही.

आता तोंड. ५९ इंची मारवाडी घोडीला ५.५ इंची कडियाळं बहुतेक मोठं होतं. एक मऊ दोरी तोंडातून आडवी घालून दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी खूण करा, त्या मापात एकूण अर्धा ते पाऊण सेंटिमीटर मिळवा. बऱ्याच वेळा ते पावणेपाच ते पाच इंच निघतं. मोठं कडियाळं सरकतं, मधला सांधा खाली लोंबतो, लगाम ओढला की कैचीसारखं मिटून टोचतं. मग घोडी हनुवटी छातीला नेऊन त्यातून सुटका करून घेते. दोन सांध्यांचं, १४ ते १६ मिलिमीटर जाडीचं घ्या. नाकपट्टा नाकाच्या हाडावर आडवी दोन बोटं जातील एवढाच आवळा.

जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रण आहेत का ते उजेडात बघा. (काटेरी लगामावर ओझ्याच्या-गाडीच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तरी बाजारात तो दोरीला लटकलेला दिसतोच.) पशुवैद्यकाकडून दाढांच्या धारा घासून घ्या, आणि वरच्या पहिल्या दाढेपुढं बारीक लांडगादात आहे का ते विचारा. कडियाळं त्यावर आपटत असेल तर सगळं ट्रेनिंग फुकट.

हनुवटी छातीला गेली की लगाम मागं ओढू नका आणि एकदम सोडूनही देऊ नका. पोटरीनं पुढं, दोन्ही हात दोन-तीन इंच पुढं आणि किंचित वर. नाक उभ्या रेषेच्या थोडं पुढं आणि कानांमागचा भाग सगळ्यांत उंच, एवढंच हवंय. आधी चालीत, मग दुडकीत.

साइड रेन आत्ता नको. जी घोडी कडियाळ्यापासून पळायली तिला त्याच कडियाळ्याशी बांधून काय मिळणार?

दुडकी_दुडकी
वरच्या सगळ्याला दुजोरा. साइड रेनचं एवढंच की कायमचं नको असं नाही. दीड-दोन महिन्यांनी घोडी स्वतःहून मान लांब करायला लागली की अगदी लांब ठेवून, फक्त दुडकीत, दहा मिनिटं वापरता येतात. चालीत कधीच नाही, चाल बिघडते.

रवालकडं येतो. रवालमध्ये एका बाजूचे पुढचा आणि मागचा पाय जवळजवळ जोडीनं पडतात, म्हणून स्वाराला धक्का बसत नाही. लग्नात आणि लांबच्या वाटेवर हेच लोकांना आवडतं. ड्रेसेजमध्ये दुडकी कर्णाची, दोन ठेक्यांची हवी. रवाल दिसली की परीक्षक ठेका गेला म्हणून गुण कापणारच. ओळखायचं कसं? उठत-बसत स्वारी करताना अचानक उठायला धक्काच मिळेना, की समजा रवाल सुरू. खात्री करायची तर पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पायाला पांढरी पट्टी बांधा आणि मोबाइलवर बाजूनं स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. दोन्ही पांढरे पाय एकत्र उचलले तर दुडकी.

पाठ ताठ आणि मान वर झाली की मारवाडी रवालकडं पळते. उपाय म्हणजे जमिनीवर आडव्या बल्ल्या. चार बल्ल्या, एकमेकींत १.२ मीटर अंतर. तिची पावलं छोटी पडत असतील तर १.१ पासून सुरू करा. चालीसाठी अंतर ८० सेंटिमीटर. सुटा बांबू वापरू नका, पाय पडला की गोल फिरतो आणि घोडी तोंडावर येते. चौकोनी फळ्या घ्या, नाहीतर बल्लीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. पहिल्या दिवशी एकच बल्ली, मग दोन लावू नका, थेट तीन. दोन असल्या की बरेच घोडे एकाच उडीत दोन्ही ओलांडतात.

बल्ल्यांनंतर २० मीटरच्या गोलावर फक्त आठ-दहा पावलं दुडकी, आणि रवाल यायच्या आधी चालीवर आणा. पुन्हा मागा. आठ दिवसांनी पंधरा पावलं. रवाल आलीच तर तशीच पळवत राहू नका, शिक्षाही नको. चाल, एक छोटा गोल, परत दुडकी.

उजवा कँटर आणि डावीकडं जाणारा पुठ्ठा ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. उजव्या कँटरचं पहिलं पाऊल मागच्या डाव्या पायाचं असतं. तुमच्या घोडीचा तो पाय अंगाखाली न येता बाहेर डावीकडं पडतो, भार उजव्या खांद्यावर जातो, मग उजवा कँटर उचलायचा कुणी?

उजव्या हाताला १५ मीटरचा गोल घ्या. आतल्या, म्हणजे उजव्या पोटरीनं तिला तिरकं बाहेर ढकलत तीन-चार फेऱ्यांत २० मीटरवर न्या. डावा लगाम स्थिर धरा, तिला तिथं टेकायला शिकू द्या. २० मीटरच्या रेषेला लागता लागता कँटर मागा : उजवी पोटरी तंगापाशी, डावी एक वीत मागं, वजन उजव्या बैठकीच्या हाडावर. त्याआधी चार पावलं बसून दुडकी. दुडकी पळवून पळवून कँटरमध्ये ढकलणं सगळ्यांत वाईट, त्यात ती तोल सावरायला सोपा पाय उचलते. चुकीचा उचलला तर दुडकी, गोल, परत. डाव्या हाताला जाताना खांदे जरासे आत, म्हणजे मागच्या डाव्या पायापुढं, आणून लांब बाजूनं चालवा. हॉल्ट (थांबणं) त्यानंच सुधारेल, पुठ्ठ्याला टाच मारून नाही.

एक तपासणी आधी करा : स्वार आणि खोगीर दोन्ही नसताना लंजिंगला उजवा कँटर किती वेळा उचलते?

तबेला_परभणी
केलं. रिकामी असताना दहातून सात वेळा उजवा उचलला. दोरीनं तोंडाचं माप पावणेपाच इंच आलं. अजून एक दिसलं : खोगीर काढल्यावर सगळी पाठ घामानं ओली, पण खांद्यामागं दोन्ही बाजूला तळहाताएवढी कोरडी जागा. डावीकडची मोठी. आणि गेल्या आठवड्यात चार-पाच दिवस पोटरी लावली की शेपूट झाडायली, कान मागं.

खोगीर_खरारा
म्हणजे खोगीर अरुंद आहे. कोरडी जागा म्हणजे तिथं दाब एवढा की घामच येत नाही. मारवाडीची खांद्यामागची उंचवट्याची जागा उंच आणि निमुळती असते, आणि तयार खोगिरं बहुतेक वेगळ्या अंगाच्या घोड्यांसाठी बेतलेली. खाली आणखी घोंगडी घालू नका. तंग बुटात जाड मोजे घातल्यासारखं होतं, दाब वाढतो. घोंगडी काढून, स्वार वर बसवून बघा. खोगिराची कमान आणि अंग यांत दोन-तीन बोटं जागा हवी, आणि कडेनं तळहात न अडकता खांद्यामागं सरकायला हवा.

माप घ्यायचं तर वीजकामाची जाड तार खांद्याच्या हाडामागं तीन बोटांवर आडवी दाबून वाकवा, तो आकार खोक्याच्या जाड कागदावर उतरवून कापा. कापलेला नमुना घेऊनच खोगीरवाल्याकडं जा. खोगीर मिळेपर्यंत स्वारी बंद, जमिनीवरचं काम आणि बल्ल्या चालू. पाठीच्या स्नायूवरून बोटं दाबत न्या. दचकून पाठ खाली घेत असेल तर आधी पशुवैद्यक.

शेपूट झाडणं चार-पाच दिवसच होतं तर माजाची तारीख लिहून ठेवा. उन्हाळ्याकडं दिवस मोठे होतात तसं घोडीला साधारण २१ दिवसांनी माज येतो, पाच ते सात दिवस टिकतो. त्या दिवसांत नवीन काही शिकवायचं नाही.

काळी_माती
ट्रेनिंगवर वरचे दोघं बोललेच. माझं मैदान आणि खुराकाचं.

३५० किलोच्या घोडीला तासाभराच्या हलक्या कामावर ४ किलो दाणा फार होतो. अर्धी नाचायची खाज त्यातनंच येते. दहा दिवसांत हळूहळू २ किलोवर आणा, दोन-तीन वेळात वाटून. हरभरा भिजवूनच. सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सव्वापाच ते सात किलो, आणि मीठ रोज ३० ग्रॅम. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) गुरांना लागतं हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक, पण घोड्याला हिरव्या ज्वारीनं मूत्राशय आणि मागच्या पायांची ताकद जाते. मग तुम्ही पाय ओढतेय म्हणून टाच मारत बसाल.

आत्ताच्या दिवसात आठ वाजता काम म्हणजे उशीरच. सहाला सुरू, सातला संपवा. पहिली दहा मिनिटं सैल लगामावर चाल, शेवटची दहाही तशीच.

मैदान नांगरटीच्या काळ्या रानात आखलंय का? उन्हाळ्यात भेगा, पावसात चिकटा, दोन्हींत पायाच्या नसा जातात. मुरूम दाबून वर पाच-सात सेंटिमीटर वाळू पुरे. जास्त खोल वाळूतही नसा ताणतात. आखताना कर्ण मोजा : २० × ४० चा कर्ण ४४.७२ मीटर. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर मैदान वाकडं आहे. फक्कीनं गोलाचे चार स्पर्शबिंदूही आखून ठेवा. छोट्या बाजूच्या मध्यावर एक, लांब बाजूंना कोपऱ्यापासून १० मीटरवर एकेक आणि चौथा मैदानाच्या मध्यावर. लोक कोपऱ्यापासून ६ मीटरवर कडेला खुणेचं अक्षर असतं त्यालाच गोल टेकवतात आणि गोलाचा बटाटा होतो.

पुठ्ठा_सरळ
पण मारवाडीला ड्रेसेजमध्ये गुण मिळतात का? २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या ड्रेसेज संघानं सुवर्ण जिंकलं ते सगळे युरोपी घोडे होते.

दुडकी_दुडकी
ती पातळी वेगळी. पहिल्या टेस्टमध्ये प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, आणि परीक्षक ठेका, सैलपणा, सरळपणा बघतो. स्वच्छ चार ठेक्यांची चाल आणि चौकोनी हॉल्ट जातीवर अवलंबून नाही. उंच पाय टाकण्याचे जादा गुण नाही मिळणार, बरोबर.

तबेला_परभणी
तारेचा नमुना कापला, खोगिराचं बघायलोय. जमिनीवर पोटरीच्या जागेला आता बोट लावलं की चालायली, नाच दहातून एकदाच. शेवटचा प्रश्न : पुढच्या महिन्यात पाहुण्यांकडं लग्न आहे, एक रात्र नाचवली तर चालेल का? घरचे मागंच लागलेत.

खोगीर_खरारा
नाही. एका रात्रीत पोटरीचा जुना अर्थ परत येतो आणि तुम्ही पहिल्या दिवसावर. घरच्यांचं मन मोडवत नसेल तर नवरदेव बसवून नुसती चालवत न्या : पाच इंची दोन सांध्यांचं कडियाळं, लगाम मोतद्दाराच्या हातात न देता नाकपट्ट्याला दोरी, बँडपासून पुढं पन्नास पावलं. ढोल सुरू झाल्यावर पाय उचलायला लागली की वळवून एक गोल फिरवा आणि परत चाल. आणि हे सगळं नवं खोगीर आलं तरच.