नवीन चिंचिला जुनीच्या पिंजऱ्यात कधी सोडायची? पहिल्याच रात्री मारामारी झाली

मऊमिशा:
माझ्याकडे ३ वर्षांची मादी चिंचिला (दाट मऊ केसांचा, उंदरांच्या जातीतला छोटा पाळीव प्राणी) आहे, लहानपणापासून एकटीच. तिला सोबत हवी असं वाटून मागच्या आठवड्यात अजून एक आणली, ५ महिन्यांची, देणारा म्हणाला ही पण मादीच आहे. आणि मी मूर्खासारखं पहिल्याच रात्री तिला जुनीच्या पिंजऱ्यात सोडलं. जुनी मागच्या पायांवर उभी राहिली, हिच्या अंगावर लघवीची चिळकांडी उडवली, मग दात कटकटवत पाठलाग, आणि घरट्यात गाठून असं धरलं की केसांचा पुंजकाच खाली पडला. दोन मिनिटं पण झाली नसतील. रक्त नव्हतं. लगेच काढली, आता ती छोट्या पिंजऱ्यात आहे, तो मोठ्याला चिकटून ठेवलाय म्हणजे ओळख होईल. केस परत येतील का? आणि किती दिवस थांबू? कुठेतरी वाचलं की दोघींना एका छोट्या कॅरिअरमध्ये घालून गाडीतून फिरवलं की पटकन जमतं, करून बघू का? खूप अपराधी वाटतंय हो, पिल्लू अजून माझ्या हाताजवळ पण येत नाहीये.

राखीकान:
ताई सगळ्यात आधी उठा आणि ते पिंजरे लांब करा, मग पुढचं वाचा. चिकटून असले की जाळीतून बोटं बाहेर येतात आणि पलीकडची ती चावून तोडते, माझ्या एका चिंचिलाला आज एक बोट नाहीये ते असंच गेलं. एक वीत तरी अंतर पाहिजे. खरं तर नवीन जनावर आधी महिनाभर दुसऱ्या खोलीतच ठेवतात, कातडीची बुरशी किंवा जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) असेल तर जुनीला लागू नये म्हणून, त्यामुळे जमत असेल तर आता पण तेच करा, आणि जुनीला हात लावून झाल्यावर नवीनकडे जा, उलट नको.

केस येतात, काळजी करू नका. पकडलं की केस सोडून सटकायचं ही त्यांची स्वतःला वाचवायची पद्धतच आहे, पकडणाऱ्याच्या तोंडात नुसता पुंजका राहतो. भरून यायला काही आठवडे ते काही महिने. मात्र घट्ट केसांखाली दाताची जखम दिसत नाही, म्हणून फुंकर मारून कातडी नीट बघा आणि पिल्लाचं रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायला लागलं किंवा लेंड्या बारीक, कमी झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

तीनमजली:
गाडीतून फिरवायचं डोक्यातून काढून टाका प्लीज. त्यात त्या एकमेकींना चिकटतात ते मैत्रीने नाही, भीतीने. वर इतक्या दाट केसांच्या दोन जनावरांना एवढ्याशा डब्यात कोंडलं की गरम होतं, आणि २५ अंशांच्या पुढे यांना उष्माघाताचा धोका असतो.

माझ्या दोन माद्या जमायला चार महिने लागले. आधी नुसती अंघोळीची माती (त्या पाण्याऐवजी बारीक मातीत लोळतात ना, ती) एकीची दुसरीला द्यायचे, म्हणजे दोघींना एकमेकींचा वास लागतो, मग एक दिवसाआड पिंजऱ्यांची अदलाबदल. समोर आणल्या त्या पण दोघींपैकी कुणाचीच नसलेल्या जागेत, कोरड्या बाथरूममध्ये, कमोडचं झाकण लावून, मी खाली मध्ये बसून, सुरुवातीला दहाच मिनिटं. थोडा पाठलाग, अंगावर चढणं, थोडं कुरकुरणं चालतं, त्यातून त्या वरची कोण ते ठरवतात. पण एक सतत कोपऱ्यात जातेय आणि दुसरी सोडतच नाहीये, किंवा किंचाळली, केस उडाले, की संपलं, त्या दिवशी बंद. सोडवताना मध्ये हात घालू नका, टॉवेल टाका. एकत्र ठेवायचा पिंजरा आधी धुवा, फळ्यांच्या जागा बदला, गवत आणि पाणी दोन-दोन ठिकाणी, आणि एकाच दाराचं घरटं काढून टाका, तुमची अडकली ती त्यातच ना.

रात्रपाळी:
सगळं बरोबर आहे पण एक कुणीच विचारलं नाही, ती नक्की मादी आहे का? देणाऱ्याच्या शब्दावर अजिबात जाऊ नका. मादीला पण पुढे सुळक्यासारखा भाग असतो त्यामुळे बघणारे हमखास फसतात, फरक असतो तो सुळका आणि गुदद्वार यांच्यातल्या अंतरात, नराला मध्ये मोकळी कातडी दिसते आणि मादीला जवळजवळ नसतेच. नर आठ आठवड्यांचा असल्यापासून पिल्लं होऊ शकतात, तुमचं पाच महिन्यांचं आहे. आणि मादी व्याल्यावर लगेच परत गाभण राहू शकते, म्हणजे एक चूक झाली की तिच्या शरीराचे हाल. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरकडून बघून घ्या, तोपर्यंत समोरासमोर आणूच नका.

मऊमिशा:
आज जाऊन आले. नर आहे!! डॉक्टरांनी दहा सेकंदात सांगितलं. कातडीवर एक बारीक खरचटलंय बाकी ठीक, वजन ३१० ग्रॅम, तीन दिवस तेवढंच आहे. पिंजरे त्याच दिवशी लांब केले. आता काय, त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून मग एकत्र ठेवू का? आणि त्या दोन मिनिटांत काही झालं असेल का ही भीती आहेच.

रात्रपाळी:
ती त्याला मारत होती, त्यामुळे शक्यता कमी, पण नाहीच असं कसं म्हणू. त्यांचा गर्भकाळ साधारण १११ दिवसांचा, तेवढे दिवस जुनीचं दर आठवड्याला वजन करा, सारखं वाढत गेलं तर दाखवा.

ऑपरेशन करायचं तर चिंचिलांना भूल देण्याचा अनुभव असलेलाच डॉक्टर बघा. आणि नंतर पण नर काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, तुमचे डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळंच ठेवायचं. एवढं करून ती त्याला घेईलच असं नाही हे आधीच धरून चाला. माझी जोडी दोन पिंजऱ्यांतच आहे, सहा वर्षं झाली, रात्री एकमेकांना आवाज देतात, खेळायला बाहेर वेगवेगळ्या वेळी सोडते.

मऊमिशा:
मग आत्ता ऑपरेशन नको. त्याला दुसरा मोठा पिंजरा घेते आणि दोघांना वेगळंच ठेवते. काल रात्री पहिल्यांदा त्याने माझ्या हातातली गवताची काडी घेतली, घेऊन लगेच मागे पळाला, पण घेतली.