मदत हवी आहे: दंडाला बीपीचा कफ आवळल्यावर एकूण हिमोग्लोबिन वाढताना का दिसतं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा मावसभाऊ फिजिओथेरपिस्ट आहे. त्याच्याकडे डायबेटिसचे असे पेशंट येतात ज्यांची पोटरी थोडं चाललं की भरून येते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. पण तो फक्त नाडीबरोबर हलणारं, धमनीतलं रक्त बघतो; पोटरीच्या स्नायूला ऑक्सिजन पुरतो का, हे त्यातून कळत नाही. म्हणून निअर-इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश) वापरून स्नायूतलाच ऑक्सिजन मोजायचं यंत्र बनवतोय. योबसिस या संशोधकांनी १९७७ मध्ये हा प्रकाश ऊतींतून आरपार जातो हे दाखवलं, त्याच तत्त्वावर. हे स्वस्तात जमलं तर दादाच्या पेशंटांना खरंच उपयोग होईल, म्हणून मनापासून विचारतोय.

मांडणी: ७४० आणि ८५० नॅनोमीटरच्या एलईडी, त्यांच्यापासून ३ सेंटिमीटरवर परत येणारा प्रकाश मोजणारा फोटोडायोड. प्रकाश साधारण अंतराच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो, म्हणून याहून जवळ घेतलं नाही. त्वचा आणि चरबीच मोजली गेली असती. वरून काळं कापड, कारण आमच्या खोलीत दुपारचं ऊन थेट येतं.

सध्या चाचणी स्वतःच्या हातावर घेतोय. दंडाला बीपीचा कफ २००पर्यंत फुगवून ३ मिनिटं ठेवतो, दादा शेजारी असतो. रक्त आत येत नाही, बाहेर जात नाही. म्हणजे ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन जितकं घटेल तितकंच बिनऑक्सिजनचं वाढायला हवं, आणि बेरीज सपाट राहायला हवी. माझ्याकडे दुसरं छान वाढतं, पहिलं जेमतेम घटतं, आणि बेरीज शेवटपर्यंत चढत राहते.

आधी वाटलं कफ हळू फुगतो, शिरा आधी बंद होतात, धमनी मात्र रक्त ढकलत राहते. हात वर धरून, झटकन फुगवून पाहिलं. सुरुवातीची उडी गेली, पण नंतरचा चढ तसाच. एलईडी तापून तिचा उजेड कमीजास्त होतो का, हे पाहायला सगळं पातळ दुधावर ठेवलं (ते ऊतींसारखाच प्रकाश विखुरतं, पण त्यात रक्त नाही), तर रेषा सपाट. म्हणजे दोष गणितात असावा.

माझा संशय एलईडीवर छापलेल्या आकड्यावर आहे. ७४०ची खरी शिखर तरंगलांबी १०-१५ने इकडेतिकडे असेल तर, ७६०जवळ बिनऑक्सिजनच्या हिमोग्लोबिनचा उंचवटा असल्यामुळे, मी कोष्टकातून घेतलेले गुणांकच (कुठलं हिमोग्लोबिन कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते आकडे) चुकतील. नागपुरात कोणाच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर आहे का, जिथे दोन एलईडी तपासता येतील? बर्डीच्या बाजारात विचारून झालं, ७६०ची एलईडी मिळत नाही.

दुसरं, मार्गलांबीचा गुणक (प्रकाश विखुरत जाताना सरळ अंतराच्या किती पट वाट चालतो तो आकडा) दोन्ही तरंगांना ४च धरलाय. स्नायूवर काम केलेल्यांनी सांगा, तो दोन्हींना वेगवेगळा धरावा का? आणि १ सेंटिमीटरवर दुसरा फोटोडायोड लावून त्वचेचा भाग वजा केला तर हा चढ जाईल, की फक्त झाकला जाईल? ज्यांना डेटा बघायचा असेल त्यांना फाईल पाठवतो.