काकूंची लंडनची बॅग: तेल, तूप, इन्सुलिन

सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार, रात्री

४०१ काकू: नमस्कार मंडळी. रविवारी पहाटे माझं लंडनचं विमान आहे, लेकीच्या बाळंतपणाला चाललेय. थेट विमान आहे, पण ह्यांना रजा नाही, त्यामुळे पहिल्यांदाच एकटी जातेय. बाळाच्या मालिशसाठी घाण्यावरचं खोबरेल घेतलंय, कैरीचं लोणचं, घरचं तूप आणि माझं इन्सुलिन. फुटायला नको म्हणून सगळं हातातल्या बॅगेत ठेवलं होतं. आज भाजीवाल्याकडे एक बाई म्हणाल्या, तेल काढून घेतात. खरं आहे का?

१०३ काका: १०० मिलीपर्यंत चालतं वहिनी. मोठ्या बाटलीत तेवढंच तेल घाला, काम झालं.

५०२ ताई: काका, नाही हो. तसं अजिबात चालत नाही. आत तेल किती आहे ते बघत नाहीत, बाटली केवढी आहे ते बघतात. दोनशेच्या बाटलीत तळाशी चमचाभर असलं तरी ती दोनशेचीच. माझ्याबरोबर हेच झालंय. आईनं जास्वंद आणि माका घालून तेल काढून दिलं होतं, २५० च्या बाटलीत निम्म्याहून कमी. तपासणीच्या जवानानं बाटलीवरचा आकडा दाखवला आणि बाजूला ठेवली. मोठी बॅग तोवर बेल्टवरून गेलेली, सोडायला आलेले घरी निघालेले. कुणाकडे देणार? तिथल्या पिंपात टाकावी लागली. पुढच्या वर्षी आई गेली. ते तेल तसं टाकलं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून काकू, हे सगळं घरीच निस्तरा, काउंटरवर मोठी बॅग द्यायच्या आधी.

४०१ काकू: अगं बाई. बरं झालं सांगितलंस.

२०४: काकू, मी महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर जातो, म्हणून नीट सांगतो. परदेशी विमानासाठी पातळ, चिकट, मऊ लागणारं सगळं या नियमात येतं. तेल, लोणचं, चटणी, मध, श्रीखंड, टूथपेस्ट, व्हॅसलीन, क्रीम, सेंट. प्रत्येक डबी १०० मिलीची किंवा त्याहून लहान हवी, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या एकाच पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसायला हव्यात. माणशी एकच पिशवी. ती वरच ठेवा, ट्रेमध्ये वेगळी काढून द्यायला लागते.

१०३ काका: आणि थिजलेलं खोबरेल? ते तर दगडासारखं होतं.

२०४: काका, २४ अंशांच्या आसपास ते पुन्हा पातळ होतं, आणि थिजलेलं असलं तरी मलमासारखंच धरतात. त्यावर वाद घालण्यात वेळ जाईल फक्त.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ९ ते १२ पाणी बंद. आधी भरून ठेवा.

३०३ वहिनी: पण आम्ही नागपूरला गेलो तेव्हा पाण्याची बाटली भरलेली होती, कुणी काही म्हटलं नाही.

२०४: देशातल्या विमानाला पाणी बहुतेक वेळा जाऊ देतात. काकूंचं परदेशी आहे. रिकामी बाटली न्यायची आणि तपासणी झाल्यावर आत भरायची.

तळमजला डॉक्टर: काकू, इन्सुलिन मात्र मोठ्या बॅगेत चुकूनही टाकू नका. ते हातातच. सामानाच्या कप्प्यात गारठून गोठलं तर त्याचा गुण जातो, आणि दिसायला तसंच दिसू शकतं, त्यामुळे कळतही नाही. शिवाय बॅग उशिरा आली तर तुम्ही औषधाविना अडकाल. प्रवासात लागणाऱ्या औषधाला १०० मिलीची अट नाही, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं. मूळ खोक्यातच ठेवा. माझी चिठ्ठी न्या, तिच्यावर पासपोर्टवर आहे तेच नाव घालून देतो. पेनच्या सुयांचाही उल्लेख करतो. गार ठेवायला जेलपॅक घेत असाल तर तो औषधालाच चिकटून ठेवा, वेगळा निघाला की जवान विचारणारच. उद्या ११ ला खाली या.

४०१ काकू: येते डॉक्टर. पाणी नसेल तेव्हाच मोकळी असते.

५०२ ताई: अजून मोठ्या बॅगेत काय काय आहे काकू? सुकं खोबरं नाही ना?

४०१ काकू: आहे की. अर्धा किलो. डिंकाचे लाडू तिथेच वळणार आहे, बाळंतिणीला ताजे.

५०२ ताई: काढा ते. सुकं खोबरं हातातल्या बॅगेतही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. त्यात तेल फार असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात बंदी आहे. सामान स्कॅन करताना दिसलं तर बॅग उघडायला तुम्हालाच बोलावतील.

४०१ काकू: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

२०४: आणि तूपही राहू द्या, काकू. त्याला विमानतळाचा नाही, ब्रिटनचा नियम आडवा येतो. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे, सामान कुठल्याही बॅगेत असो. पेढे, श्रीखंड हेही त्यातच. तूप तिथल्या भारतीय दुकानात मिळतं.

४०१ काकू: मुलीला आपल्या घरचं तूप हवं होतं. गरोदरपणात तेच म्हणत होती सारखी.

३०३ वहिनी: समजतं काकू. पण तुम्ही जाताय, हे तिच्यासाठी तुपापेक्षा मोठं आहे.

१०३ काका: हे १०० मिलीचं आलं कुठून? आमच्या वेळी लोक कळशी घेऊन विमानात बसत होते.

२०४: लंडनमधूनच आलं, काका. ऑगस्ट २००६ मध्ये तिथल्या पोलिसांनी कट पकडला. हीथ्रोवरून अमेरिका आणि कॅनडाला जाणाऱ्या विमानांत शीतपेयाच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडवर केलेलं स्फोटक न्यायचं ठरलं होतं. पहिले काही दिवस तर हातात सामान न्यायलाच जवळजवळ बंदी होती. मग नोव्हेंबरपासून युरोपात १०० मिली आणि पारदर्शक पिशवी ठरली, पुढे बहुतेक देशांनी तेच घेतलं. साध्या एक्स-रेला बाटली दिसते, पण आत पाणी आहे की दुसरं काही हे खात्रीनं ओळखता येत नाही. आता नवी सीटी स्कॅनर आली आहेत, ती बॅगेतलं सामान सगळ्या बाजूंनी दाखवतात. एडिंबरा आणि बर्मिंगहॅमला २०२५ पासून दोन लिटरपर्यंत जाऊ देतात. पण काकू, तुम्ही मुंबईच्या सहार विमानतळावरून निघणार, तर इथलाच नियम. येताना जिथून निघाल तिथला.

५०२ ताई: तेल आणि लोणचं मोठ्या बॅगेत. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर थोडी जागा ठेवा. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो आणि झाकणातून पाझरतं. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून टेप, दोन पिशव्या आणि मग टॉवेलमध्ये गुंडाळा. साड्यांच्या शेजारी नको.

शनिवार, दुपारी

४०१ काकू: डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. इन्सुलिन, चिठ्ठी, सुया एका पिशवीत पर्समध्ये. तेल आणि लोणचं टॉवेलात बांधलं. टूथपेस्ट लहान आणली. अर्धा किलो सुकं खोबरं आणि पाऊण किलो तूप घरात आहे. कुणाला हवंय?

३०३ वहिनी: खोबरं मी घेते, भाजणीच्या चटणीला लागतंच.

१०३ काका: तूप आमच्याकडे पाठवा. आणि वहिनी, रात्री निघताना बेल वाजवा, मी सामान खाली उतरवून देतो.