गंगेचं पाणी दोन देशांत नुसतं निम्मं-निम्मं का वाटत नाहीत?

नवा_वाचक: भारत-बांगलादेश गंगा करार १२ डिसेंबर १९९६ चा, मुदत ३० वर्षांची. निम्मं-निम्मं करून मोकळं का होत नाहीत? आणि नदीला पाणीच कमी आलं तर? प्रत्यक्ष पाणीवाटपाचं काम केलेलं कुणी आहे का इथे?

निवृत्त_पाटकरी: मी ३१ वर्षं कालव्यावर काढली. देशादेशांतलं वाचूनच कळतं, पण भांडण ओळखीचं आहे.

निम्मं-निम्मं आहेच, पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याला ७० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) किंवा त्याहून कमी आलं तर. ७० ते ७५ हजारांत बांगलादेशाला ३५ हजार, उरलेलं आपल्याला. त्यापुढे आपल्याला ४० हजार, बाकी सगळं त्यांना. ४० च का? हुगळीतला गाळ लोटून कोलकाता बंदर चालू ठेवायला गंगेचं पाणी हुगळीत नेणारा जो ३८ किलोमीटरचा फीडर कालवा काढलाय, त्याची वहनक्षमताच तेवढी.

वाटप १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने. ११ मार्च ते १० मे या कडक दिवसांत दोघांना आलटून-पालटून दहा दिवस ३५ हजार हमखास. ही आपली शेजपाळीच, म्हणजे ठरल्या क्रमाने पाळीपाळीने पाणी! टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कमी पाणी एकवेळ सोसतो, पण पाळी कधी हे माहीत नसलं की रात्री पाट फोडायला येतो.

एका उन्हाळी आवर्तनात टेलचे दहा-बारा जण काठ्या घेऊन चौकीवर आले. त्यातल्या दोघांना मी मोटारसायकलवर वितरिकेच्या, म्हणजे उपकालव्याच्या मुखाशी नेलं, पाणी मोजायची गेजची पट्टी दाखवली, रीडिंग त्यांच्याच हाताने वहीत लिहवलं. पाणी त्या दिवशी वाढलं नाही, पण मंडळी घरी गेली. करारातही फराक्क्याला, फीडर कालव्यात आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी रोजचा विसर्ग दोन्हीकडची माणसं मिळून मोजतात. माझ्या लेखी कराराचा जीव त्या मोजणीत आहे.

नदीकाठची: काका, पण वाटलं जातं ते फराक्क्याला पोहोचलेलं पाणी. प्रवाह टिकवायचा पूर्ण प्रयत्न करू असं भारताने लिहून दिलंय, तरी उत्तर प्रदेश-बिहारातल्या उपशाला आकडी मर्यादा नाही. करारातला वाट्यांचा तक्ता १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावरचा. ५० हजारांखाली गेलं की दोन्ही सरकारांनी तातडीने बोलायचं, लवाद नाही. १९७७ च्या करारात तक्त्यातल्या वाट्याच्या ८० टक्क्यांची हमी होती, तीही गेली.

निवृत्त_पाटकरी: ताई, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्याकडेही गेजच्या वर कालव्यात चोरून मोटारी टाकलेल्या असायच्या. मी पट्टी खरी दाखवायचो, पाणी त्याआधीच गेलेलं असायचं. नव्या करारात वरच्या उपशाची नोंद हवी आणि टंचाईतला वाटा आधीच लिहिलेला हवा. एप्रिलमध्ये बसून तो ठरत नाही, हे मी चौकीवर पाहिलंय.

नवा_वाचक: आणि तीस्ता?

निवृत्त_पाटकरी: २०११ मध्ये मसुदा सहीपर्यंत आला होता, पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडला. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.