ख्रिस्त आज राज्य करतो, तर मग परत येऊन काय करणार? (१ करिंथ १५ आणि प्रकटीकरण २०)

अभ्यासगट_चिंचवड

जय ख्रिस्त. आमच्या बायबल अभ्यासगटात "ख्रिस्ताचं राज्य आणि पुनरागमन" हा विषय चार बैठकांत घ्यायचा आहे. गटात सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) लोक आहेत, पेंटेकॉस्टल मंडळीतले आहेत आणि दोन कॅथलिक कुटुंबंही आहेत. त्यामुळे एकाच मताची बाजू लावून धरून चालणार नाही.

अडचण अशी. स्तोत्र ११०:१ म्हणतं, शत्रू पादासन होईपर्यंत माझ्या उजवीकडे बस. हे बसणं म्हणजे राज्य करणं की राज्य मिळेपर्यंत वाट पाहणं? राज्य चालूच असेल तर प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं, म्हणजे सैतान बांधलेला असताना ख्रिस्ताच्या राज्याची वर्षं, कुठे बसवायची? आणि सुरुवात कुठून करू? प्रकटीकरणापासून केली की पहिल्याच तासाला श्वापद आणि ६६६ वर गाडी जाते आणि तिथेच अडकते.

---

पत्रवाचक

प्रकटीकरणापासून सुरू करूच नका. पहिली बैठक पूर्ण १ करिंथ १५:२०–२८ वर घ्या आणि शेजारी स्तोत्र ११० उघडं ठेवा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात आहे, पण पहिलं वचन इतकं पाठ असतं की पुढे कोणी वाचत नाही. दुसरं वचन म्हणतं, तू आपल्या शत्रूंमध्ये राज्य कर. म्हणजे शत्रू शिल्लक असणं हा राज्य सुरू नसल्याचा पुरावा होत नाही. उलट हे राज्य शत्रूंच्या गराड्यातच चालतं. पौल १ करिंथ १५:२५ मध्ये हेच स्तोत्र वापरतो: सर्व शत्रू पायांखाली येईपर्यंत त्याला राज्य केलं पाहिजे. इब्री १०:१२–१३ मध्ये तोच बसलेला ख्रिस्त "वाट पाहत" आहे. इब्री २:८ तर सरळ सांगतं की सर्व काही त्याच्या अधीन केलेलं आहे, पण अजून आपल्याला ते तसं दिसत नाही. ही तीन वचनं फळ्यावर एकाखाली एक लिहा. राज्य की प्रतीक्षा, हा वाद तिथेच मिटतो, कारण दोन्ही एकाच वेळी चालू आहे.

खरा वाद पुढे आहे. वचन २३–२४ मधला क्रम तीन पायऱ्यांचा आहे: प्रथमफळ (मेलेल्यांतून पहिला उठलेला) ख्रिस्त, मग त्याच्या येण्याच्या वेळी जे त्याचे आहेत ते, नंतर शेवट. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत जवळजवळ दोन हजार वर्षं गेली आहेत, यावर कोणाचाच वाद नाही. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतही असं अंतर आहे का? असेल तर हजार वर्षं तिथे बसतात. नसेल तर येणं, पुनरुत्थान, न्याय आणि शेवट सगळं एकत्र येतं आणि हजार वर्षं मागे सरकून आजच्या काळावर पडतात.

अंतर नाही असं म्हणणाऱ्यांचा, म्हणजे सहस्रवर्षं प्रतीकात्मक मानणाऱ्यांचा, सर्वात भक्कम आधार याच अध्यायात आहे. वचन २६ म्हणतं शेवटचा शत्रू मृत्यू. वचन ५२–५४ म्हणतात की शेवटचा कर्णा वाजून मेलेले उठतील तेव्हा मृत्यू विजयात गिळला जाईल. मेलेले उठतात ते ख्रिस्ताच्या येण्याच्या वेळी. म्हणजे त्याच्या येण्यालाच शेवटचा शत्रू संपला. मग पुढची हजार वर्षं राज्य करायचं ते कोणावर मात करण्यासाठी?

बहुतेक अभ्यासगट नेमके इथे चुकतात. २३–२८ वाचून थांबतात आणि ५० ते ५८ "सांत्वनाची वचनं" म्हणून अंत्यविधीसाठी राखून ठेवतात. दोन्ही तुकडे एकाच बैठकीत वाचा.

---

योहानाचा_वाचक

वरचं मांडलंय छान, पण प्रकटीकरण २० ला हात न लावता निकाल देऊन टाकलाय.

मी ऐतिहासिक पूर्वसहस्रवर्षवादी आहे. म्हणजे ख्रिस्त आधी येतो, मग हजार वर्षं पृथ्वीवर उघड राज्य करतो. याचा सात वर्षांच्या तक्त्यांशी संबंध नाही, ते वेगळं प्रकरण आहे. आता मजकूर पाहा. १९:२० मध्ये श्वापद आणि खोटा संदेष्टा अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. २०:१० मध्ये सैतान टाकला जातो तो "जिथे श्वापद आणि खोटा संदेष्टा आहेत" तिथे. म्हणजे तो पोचण्याआधी ते दोघे तिथे आहेत. अध्याय २० पुन्हा मागे जाऊन पहिल्या येण्यापासून सुरू होतो असं म्हणायचं असेल तर या जोडणीचं काय करणार?

दुसरं, २०:४–५. शिरच्छेद झालेले जिवंत झाले आणि बाकीचे मेलेले हजार वर्षं पुरी होईपर्यंत जिवंत झाले नाहीत. लागोपाठच्या दोन वाक्यांत एकदा आत्मिक जिवंत होणं आणि एकदा शारीरिक, अशी फोड करायला मजकूरच जागा देत नाही. तिसरं, सैतान बांधला जातो, अथांग डोहात टाकला जातो, वर कुलूप आणि शिक्का. हे आजच्या काळाचं वर्णन असेल तर १ पेत्र ५:८ मधला गर्जणारा सिंह कोण?

आणि १ करिंथ १५:२६ बद्दल: प्रकटीकरण २०:१४ मध्ये मृत्यू अग्नीच्या सरोवरात टाकला जातो तो हजार वर्षांनंतर. पौल शेवट सांगतो, योहान मधला टप्पाही सांगतो. यात विरोध कुठे आला?

पहिल्या शतकांतही हे मत होतं. पापियस, जस्टिन मार्टर, आयरेनियस हे दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक, तिघेही हजार वर्षांचं राज्य मानणारे. आयरेनियसने पापियसच्या आधारे त्या काळातल्या द्राक्षवेलींना दहा-दहा हजार फांद्या असतील असं लिहिलंय, ते मात्र गटात वाचू नका, मग बाकी काहीच ऐकलं जाणार नाही.

---

पत्रवाचक

जस्टिनचं नाव घेतलंत तर त्याने ट्रायफो या यहुद्याशी केलेल्या संवादाचा ८०वा अध्याय पूर्ण सांगा. तिथे तो स्वतः म्हणतो की शुद्ध आणि भक्तिमान ख्रिस्ती लोकांपैकी अनेकांना हे मान्य नाही. म्हणजे दुसऱ्या शतकातही एकमत नव्हतं.

२०:१० चा मुद्दा कठीण आहे, मान्य. पण उलट बाजूची अडचणही तेवढीच कठीण आहे. १९:१७–१८ मध्ये पक्ष्यांना मेजवानीला बोलावलं जातं, ते चित्र यहेज्केल ३९:१७–२० मधलं. २०:८ मधले गोग आणि मागोग यहेज्केल ३८–३९ मधले. जुन्या करारातलं एकच युद्ध योहान दोन ठिकाणी वापरतो. मधे हजार वर्षं घातली तर एकाच भविष्याची दोन युद्धं होतात. शिवाय १९:२१ मध्ये बाकीचे सगळे मारले गेले, तर २०:३ मध्ये फसवली जाऊ नयेत अशी राष्ट्रं उरली कुठून?

बांधण्याचं म्हणाल, तर २०:३ स्वतःच हेतू सांगतं: राष्ट्रांना फसवू नये म्हणून. मत्तय १२:२९ मधल्या बलवानाला आधी बांधण्याशी ऑगस्टीनने हे जोडलं. हजार वर्षं म्हणजे मंडळीचा काळ, हे वाचन त्याच्यापासून पश्चिमेत रुजलं. तो आधी स्वतः हजार वर्षांच्या राज्याचं मत मानणारा होता, पण त्या राज्यातल्या खाण्यापिण्याची वर्णनं ऐकून त्याचं मन उडालं. "देवाची नगरी"च्या विसाव्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलं आहे.

---

वसईचा_पाणवठा

गटात कॅथलिक कुटुंबं आहेत म्हणून. आमच्याकडे हा प्रश्न बराचसा बांधलेला आहे. कॅटेकिझमचे (कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाचे) परिच्छेद ६६८ ते ६८२ एका बैठकीत वाचून होतात. ६८० मध्ये ख्रिस्त चर्चद्वारे आधीच राज्य करतो, पण या जगातल्या सर्व गोष्टी अजून त्याच्या अधीन झालेल्या नाहीत, असं आहे. वर इब्री २:८ आलंय, तेच. ६७६ मध्ये इतिहासाच्या आतच मसीहाचं राज्य पूर्णत्वाला जाईल ही कल्पना नाकारली आहे, सौम्य स्वरूपातली सहस्रवर्षांची कल्पनासुद्धा. म्हणजे योहानाचा_वाचक यांचं मत कॅथलिक माणसाला घेता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर तिसऱ्या बैठकीत विनाकारण ओढाताण होईल.

ख्रिस्तराजाचा सण फार जुना नाही. पोप पायस अकरावे यांनी डिसेंबर १९२५ मध्ये तो घालून दिला. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारणेत तो उपासना वर्षाच्या अगदी शेवटच्या रविवारी आला आणि पुढच्याच रविवारी आगमनकाळ सुरू होतो. आजचं राज्य आणि येणारा राजा हे दोन्ही असे लागून येतात. नोव्हेंबरमध्ये बैठका घेत असाल तर याचा उपयोग करा.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना धरून ठेवणारी आहे, ती म्हणजे नायसीन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं जुनं सामायिक विधान. सीएनआय १९७० मध्ये नागपुरात स्थापन झाली ती हा मतांगीकार स्वीकारून. त्यात "त्याच्या राज्याला अंत नाही" हे वाक्य आहे. ३२५ च्या नायसियाच्या मजकुरात ते नव्हतं, ३८१ च्या मजकुरात आलं. कारण अँकिराचा बिशप मार्सेलस १ करिंथ १५:२४–२८ वाचून शिकवत होता की ख्रिस्त राज्य पित्याला सोपवेल आणि तिथे पुत्राचं राज्य संपेल. उत्तर लूक १:३३ मधून दिलं गेलं. तुमच्या गटात कोणीतरी हा प्रश्न विचारणारच: "सोपवून देतो म्हणजे मग तो राजा राहत नाही का?" विचारला की घाबरू नका, सोळाशे वर्षांपूर्वीच विचारून झालाय. शत्रूंवर मात करण्याचं काम संपतं, राजेपण संपत नाही.

---

अभ्यासगट_चिंचवड

सर्वांचे आभार, पहिल्या दोन बैठका ठरल्या. पण आमच्यातल्या एका भगिनींकडे सात वर्षांचा रंगीत तक्ता आहे: आधी मंडळी वर उचलली जाणार, मग मोठे संकट, मग येणं. प्रकटीकरणात ही सात वर्षं नेमकी कुठे आहेत? मला सापडत नाहीत.

---

तक्ते_आणि_तारखा

सापडणार नाहीत, कारण प्रकटीकरणात सात वर्षांच्या संकटाचा आकडा कुठेच नाही. तिथे ४२ महिने आणि १२६० दिवस आहेत (११:२–३, १२:६, १३:५), म्हणजे साडेतीन वर्षं. सात येतात दानीएल ९:२७ मधून. तिथे सत्तर सप्तकं आहेत. एकोणसत्तर मसीहापर्यंत संपली, मग गणती थांबली, मंडळीचा काळ मधेच आला आणि शेवटचं सप्तक भविष्यात बाकी आहे, अशी ही मांडणी. एक सप्तक म्हणजे सात वर्षं, त्याचे दोन भाग साडेतीन-साडेतीनचे. ही व्यवस्था १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांतून ती घरोघरी गेली. तळटीप मजकुराच्याच पानावर असल्याने वाचणाऱ्याला ती वचनच वाटते, बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

भगिनींचा तक्ता भिंतीवर लावायला हरकत नाही, पण तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. तक्त्यातली प्रत्येक गोष्ट कुठून आली ते शोधायचं: थेट वचनात असेल तर निळा, दोन वचनं जोडून काढली असेल तर हिरवा, कुठल्याच वचनात नसून मांडणी जुळावी म्हणून घातली असेल तर लाल. त्यांना स्वतःलाच रंगवू द्या. दानीएलच्या ६९ आणि ७० मधल्या खंडाला कुठला रंग, यावर अर्धा तास जाईल आणि तो सत्कारणी लागेल.

१ थेस्स. ४:१६–१७ मध्ये विश्वासी अंतराळात प्रभूला सामोरे जातात. सामोरे गेल्यावर कुठे, वर स्वर्गात सात वर्षं की त्याच्याबरोबर खाली, हे वचन सांगत नाही. मत्तय २५:६ मध्ये कुमारी वराला सामोऱ्या जातात आणि त्याच्याबरोबर आत येतात. प्रे. कृत्ये २८:१५ मध्ये रोमचे बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत पौलाला सामोरे जातात आणि तो त्यांच्यासह रोमला येतो. आपल्याकडचं सीमांतपूजन डोळ्यांपुढे आणा. वेशीवर गाठायचं ते गावात आणण्यासाठी. मंडळी संकटाआधीच उचलली जाईल असं मानणारे याला उत्तर देतात की योहान १४:३ मध्ये प्रभू आपल्यांना पित्याच्या घरी, आपल्याजवळ नेण्याचं बोलतो. हेही वाचून दाखवा, नाहीतर अन्याय होईल.

आजच्या राज्याबद्दलही डार्बीची ही मांडणी मानणाऱ्यांचं एक वेगळं म्हणणं आहे. जुन्या मांडणीत ख्रिस्त सध्या पित्याच्या आसनावर आहे, दावीदाच्या नाही. आधार प्रकटीकरण ३:२१, जिथे "माझं आसन" आणि "माझ्या पित्याचं आसन" वेगळी येतात. पण प्रे. कृत्ये २:३०–३६ मध्ये पेत्र दावीदाच्या आसनाचं वचन थेट पुनरुत्थान आणि स्वर्गारोहणाला जोडतो. १९९० च्या दशकात याच परंपरेतल्या क्रेग ब्लेझिंग आणि डॅरेल बॉक यांनी दावीदी राज्य सुरू झालेलं आहे, पूर्ण व्हायचं आहे, असं मांडून बरंच अंतर कमी केलं.

उत्तरसहस्रवर्षवाद कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात: सुवार्तेने जग हळूहळू ख्रिस्ताकडे येईल आणि त्या सुवर्णकाळानंतर तो येईल. मत्तय १३:३१–३३ मधला मोहरीचा दाणा आणि खमीर हा आधार. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ज्या अमेरिकन मंडळाने पाठवले, त्याच्यामागे हीच आशा होती. पहिल्या महायुद्धानंतर ती ओसरली.

चौथ्या बैठकीत मत्तय २४ घ्याल तेव्हा पाठीला पाठ लावून लूक २१:२० वाचा. तिथे यरुशलेमला सैन्याचा वेढा पडतो, आणि इ. स. ७० मध्ये तसंच झालं. "ही पिढी" (२४:३४) त्यामुळे बऱ्याच जणांना कळते. मात्र सगळंच ७० मध्ये संपलं, आता कोणी यायचा नाही, इथपर्यंत कोणी गेलं तर तो मतांगीकाराबाहेर गेला, हे नोंदवून पुढे जा.

आणि तारीख काढणारा एक तरी असतोच. त्याला विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाचा, ख्रिस्ताच्या येण्याची तारीख काढणारा हिशेब फळ्यावर करायला लावा. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरायची, सुरुवात इ. स. पू. ४५७. वजाबाकी केली की १८४३ येतं. ते वर्ष गेलं तेव्हा लक्षात आलं की इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येतं, मधे शून्य वर्ष नाही, म्हणून एक वाढवून १८४४. शेवटी २२ ऑक्टोबर ठरला, तोही गेला. आकडेमोड बरोबर होती. चुकलं ते दिवसाचं वर्ष करण्यात आणि ४५७ पासूनच मोजायचं या गृहीतात, आणि या दोन्ही गोष्टी दानीएल ८ मध्ये लिहिलेल्या नाहीत. लाल पेन्सिल तेव्हाही हाताशी ठेवा.