पोपना पत्र लिहून प्रश्न विचारणारे कार्डिनल बंडखोर का?

निर्मळचा_पोरगा:
मंडळी, आमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी २०१६ चा विषय परत उकरलाय, चार कार्डिनलांनी (म्हणजे पोपना सल्ला देणारे वरिष्ठ धर्मगुरू) पोप फ्रान्सिसना पाच प्रश्न पाठवले होते ना, घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्यांना कम्युनियन (उपासनेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) द्यायचं की नाही वगैरे, तो. काका म्हणतात पोप चुकूच शकत नाहीत, विचारणारेच पापी, विषय संपला. चुलतभाऊ म्हणतो मग कार्डिनल काय नुसते लाल टोपी घालून मिरवायला असतात? धर्मगुरूंनी पोपना असा जाब विचारलेला चालतो का? भांडण नको, माहिती हवीय.

रविवारची_टीचर:
काकांचं अर्धंच बरोबर. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत ठरलं ते फार आखीव आहे, पोप अख्ख्या ख्रिस्तसभेचे मेंढपाळ म्हणून श्रद्धा किंवा नीतीबद्दल सगळ्यांना बांधील अशी पक्की घोषणा करतात तेव्हाच. त्यानंतर अशी घोषणा झाली ती १९५० ला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे तिला सदेह स्वर्गात घेतलं गेल्याची. विमानात पत्रकारांशी बोलताना म्हटलेलं सगळं त्यात येत नाही. आता याचा अर्थ बाकीची शिकवण वाऱ्यावर सोडा असा पण नाही हां, मान द्यायचाच. पण ज्यावरून हे प्रश्न निघाले ते फ्रान्सिसचं कुटुंब आणि विवाहावरचं पत्रक 'आमोरिस लेतिसिया', ती तसली घोषणा नव्हती, आणि गंमत म्हणजे सगळा धुरळा उडाला तो मुख्यतः आठव्या प्रकरणावरून, त्यातही एका तळटीपेवरून, ३५१ नंबरची.

शांतपणे_वाचतो:
रोमला शंका लिहून पाठवायच्या आणि हो की नाही असं उत्तर मागायचं ही जुनीच पद्धत आहे, बिशप लोक नेहमी करतात, त्यात बंड कसलं. खटकलं ते असं की सप्टेंबरात पाठवलेलं पत्र नोव्हेंबरात जगजाहीर केलं. फ्रान्सिसनी त्या चौघांना उत्तर दिलंच नाही, पण त्याच सप्टेंबरात ब्युनोस आयर्सच्या बिशपांना लिहिलं की त्या आठव्या प्रकरणाचा तुम्ही लावलाय तोच अर्थ, दुसरा नाही, आणि ते पत्र पुढे व्हॅटिकनच्या अधिकृत राजपत्रात छापलं. म्हणजे उत्तर मिळालं पण दुसऱ्याच्या पत्त्यावर! माझ्या मते हे बरं नव्हतं, चार म्हाताऱ्यांना दोन ओळी लिहायला काय जात होतं. २०२३ ला पाच कार्डिनलांनी परत प्रश्न पाठवले तेव्हा मात्र उत्तरावर दुसऱ्याच दिवसाची तारीख होती. ते त्यांना गुळमुळीत वाटलं, मग ऑगस्टात प्रश्न नव्याने मांडून परत पाठवले.

वेंगुर्लेकर_बाबा:
अरे रोमचं कशाला सांगताय, आपल्या किनाऱ्यावर याहून मोठी भांडणं झालीत. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो, रोमने १६३७ ला त्यांना बिशप केलं, पण गोव्याचे आर्चबिशप मानायलाच तयार नाहीत, कारण पोर्तुगालच्या राजाला न विचारता नेमलेला बिशप. बिचारे डिचोलीला राहिले, तेव्हा तो मुलूख विजापूरचा, आणि तिथून गोव्याच्या पाद्रींविरुद्ध लिहीत राहिले. पुढे १८३८ ला पोप ग्रेगरी सोळावे यांनी हुकूम काढून गोव्याबाहेरचा पाद्रोआदोचा (रोमने पोर्तुगालच्या राजाला दिलेला बिशप नेमायचा हक्क) अधिकार काढला तर इकडच्या फादरांनी सांगितलं, राजाची मंजुरी नाही, आम्हाला लागू नाही! १८५३ ला मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा कुणाचा यावरून तर रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत आणि विरोधक बाहेर अशी वेळ आली. रोमचा एक आणि पाद्रोआदोचा एक अशा दोन अधिकाऱ्यांचं हे त्रांगडं मुंबईत १९२८ पर्यंत चाललं.

रविवारची_टीचर:
बाबा, पण ते भांडण चर्च कुणाच्या ताब्यात, बिशप कुणी नेमायचा याचं. शिकवणुकीचं नाही. दोन्ही बाजू एकच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणत होत्या.

वेंगुर्लेकर_बाबा:
मान्य. पण हुकूम रोमचा होता ना, आणि तो पाळला नाही. चार कार्डिनलांनी नुसतं विचारलं तर पापी, आणि आपल्या पणज्यांनी सरळ नाही म्हटलं ते?

निर्मळचा_पोरगा:
बाबांचं उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दिलाय आणि विचारलंय, आमचं वसईजवळचं निर्मळ गाव तेव्हा कुठल्या बाजूला होतं? कुणाला माहितीय का?